देणगीत आलेल्या तबकड्या आणि ध्वनिफिती : वाचनालयाने त्यांचे काय करावे?

बोरीकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. अमळनेर-पारोळा भागातील एका मोठ्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी अकरा वर्षे ग्रंथपाल आहे. गेल्या आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) गावातील एका दिवंगत शिक्षकांच्या मुलांनी जुने घर रिकामे करताना दोन लोखंडी पेट्या आणि फळ्यांचे एक खोके वाचनालयाला दिले. पेट्यांत पुस्तके असतील असे आम्हाला वाटले होते. उघडल्यावर लाखेच्या, म्हणजे जुन्या ७८ फेऱ्यांच्या, ६४ ग्रामोफोन तबकड्या, साधारण तितक्याच लाँगप्ले तबकड्या आणि २१२ कॅसेट निघाल्या. तबकड्या बहुतेक नाट्यपदांच्या आणि भजनांच्या आहेत, त्या गुरुजींनी वेळोवेळी विकत घेतलेल्या. कॅसेटमध्येही बहुतांश बाजारातल्याच आहेत. पण त्यातील ४७ कॅसेटवर गुरुजींच्या हाताने शिसपेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. एका चिठ्ठीवर 'कानबाई, रात्रीचा जागर, सात जणी, श्रावण १९८६' एवढेच आहे (कानबाई ही आपल्या खान्देशातील देवी). दुसऱ्या एकीवर 'वही, डफ, दोन गडी' असे लिहून खाली गावाचे नाव आहे (ही वही म्हणजे खान्देशातील लोकगायनाचा प्रकार). सुट्टीच्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला टेपरेकॉर्डर बांधून गुरुजी आसपासच्या गावांना जात असत, हे गावातील वडीलधाऱ्यांना आठवते. ते नेमके काय भरून आणत होते याची मात्र कोणी चौकशी केली नव्हती.

त्यातली कानबाईची कॅसेट मी उसन्या टेपवर लावून पाहिली. सुरुवातीला खरखर होती, मग कोणाच्या तरी बांगड्या ताटाच्या काठाला लागल्याचा आवाज आला, एका बाईने गाणे उचलले आणि बाकीच्यांनी तिच्या मागून ओढले. चार-पाच मिनिटे झाली असतील, तोच आवाज किंचाळल्यासारखा ताणला गेला आणि फीत आत गुंतली. मी टेप बंद केला, फीत हलक्या हाताने सोडवली, पेन्सिल घालून गुंडाळून घेतली आणि त्यानंतर एकाही कॅसेटला हात लावलेला नाही.

आता माझ्यापुढे तीन-चार अडचणी एकदम उभ्या आहेत. आमच्या दाखल नोंदवहीत पुस्तकांखेरीज काही नोंदवण्याची पद्धतच नाही, तेव्हा हे साहित्य कोठे आणि कसे नोंदवावे? वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पत्रे आहेत आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा या वस्तू कोठे ठेवाव्यात? वरच्या सभागृहात महिन्यातून एकदा श्रवणाचा कार्यक्रम आणि जमल्यास एखादा चित्रपट दाखवावा असे आमच्या काही तरुण सभासदांच्या मनात आहे, त्याला कायद्याची आडकाठी येते का? शिवाय कार्यकारी मंडळातील दोन ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे आहे की वाचनालयाने पुस्तके सांभाळावीत, गाणीबजावणी हा आपला विषय नाही. त्यांचा मला अनादर करायचा नाही, परंतु या पेट्या परत पाठवायलाही मन तयार होत नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ

फीत गुंतताच आपण थांबलात, हे फार चांगले केले. जुनी कॅसेट वाया जाते ती बहुधा दुसऱ्यांदा लावून पाहण्याच्या घाईत. मी आयुष्यभर ध्वनिमुद्रणाची यंत्रे दुरुस्त केली, त्या अनुभवावर लिहितो.

सर्वांत आधी क्रम ठरवावा. नाट्यपदांच्या तबकड्या कितीही देखण्या असल्या तरी त्यांच्या प्रती अनेक संग्राहकांकडे आहेत आणि त्यातील पुष्कळ गाणी पुढे पुन्हा प्रसिद्ध झालेली आहेत. गुरुजींनी स्वतः भरलेल्या त्या ४७ कॅसेटची जगात दुसरी प्रत नाही. म्हणून पैसा, वेळ आणि चांगले यंत्र जे काही हाताशी येईल ते प्रथम या ४७ कॅसेटसाठी वापरावे. आजच पहिले काम करा : प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या जिभा असतात, त्या मोडून टाका. त्या मोडल्या की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी फितीवर नवे काही भरले जात नाही.

आपल्या कॅसेटची फीत का गुंतली असावी? कॅसेटच्या तोंडाशी, फितीच्या मागे, एका पातळ पट्टीवर बोराएवढाही नाही असा नमद्याचा तुकडा असतो. तो फितीला हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, हलका दाबून धरतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याचा डिंक सुटतो, तुकडा गळून पडतो आणि आवाज दबतो किंवा थरथरतो. त्यात यंत्राचा रबरी रोलर चिकट झालेला असेल तर फीत पुढे सरकण्याऐवजी त्यालाच गुंडाळली जाते. यावर उपाय आहे. कॅसेटचे कवच स्क्रूचे असेल तर उघडून फितीच्या दोन्ही चकत्या दुसऱ्या, सुस्थितीतील कवचात बसवता येतात. डिंकाने जोडलेले कवच असेल तर ते जाणकारानेच फोडावे. वाजवण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदा पुढे आणि एकदा मागे सावकाश गुंडाळून घ्यावी, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात.

यंत्राच्या बाबतीत काटकसर करू नये. संगणकाला जोडायची जी स्वस्त खेळणीवजा यंत्रे मिळतात त्यांच्यावर या फिती लावूच नका. जुना चांगला कॅसेट डेक शोधा, त्याचे पट्टे आणि रोलर बदलून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. हेडचा कोन प्रत्येक कॅसेटनुसार थोडा जुळवून घ्यावा लागतो. तो जुळला की दबलेला आवाज पडदा बाजूला सारल्यासारखा स्वच्छ होतो.

खेड्यात भरलेल्या फितींत आणखी एक गोष्ट आढळते. रेकॉर्डर सेलवर चालत असे. रात्र सरत जाई तसे सेल उतरत, भरताना फीत हळू फिरे, आणि आज ती योग्य वेगाने लावली की बायांचा आवाज उत्तरोत्तर बारीक आणि घाईचा होत जातो. ऐकणाऱ्याला वाटते की त्यांनी सूर चढवला. तसे नसते. ही दुरुस्ती संगणकावर करता येते, परंतु ती नेहमी प्रतीवर करावी. मूळ फाइल आहे तशी, खरखरीसह, राहू द्यावी. आज नको वाटणाऱ्या आवाजातून उद्या कोणाला काही उमगेल.

मुद्रण वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झवर करावे, एमपी-थ्रीमध्ये करू नये. या मापाने दोन चॅनेलच्या एका तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. ४७ कॅसेट साठ मिनिटांच्या धरल्या काय आणि नव्वद मिनिटांच्या धरल्या काय, सगळे मिळून सत्तर-पंच्याहत्तर जीबीच्या वर जात नाही. साध्या हार्ड डिस्कमध्ये ते मावते. मात्र तीन प्रती करा आणि त्यातील एक प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर ठेवा. संगणकासाठी ऑडासिटी ही मोफत आज्ञावली पुरेशी आहे.

तबकड्यांविषयी थोडक्यात, पण एक इशारा मनापासून देतो. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि पुसणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तबकडीवरचे गाणे कापसावर उतरते. मऊ कुंचला वापरावा, फारच माती असेल तर शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा थेंब घालून ओलसर फडक्याने खाचांच्या दिशेने पुसावे आणि मधले कागदी लेबल कोरडे राखावे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला जाड सुई लागते आणि लाँगप्लेला तिच्या साधारण एक तृतीयांश बारीक. एकीची सुई दुसरीला लावू नये. दोन्ही प्रकारच्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचल्या की खालच्या वाकतात किंवा तडकतात. पत्र्याखालच्या मजल्यावर तर काहीच ठेवू नका. तळमजल्यावर, आतल्या भिंतीला लागून, लाकडी कपाट असेल तर उत्तम. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि लाउडस्पीकर जवळपास ठेवू नका, त्याच्या चुंबकाने फितीवरचे मुद्रण क्षीण होते.

गिरणाकाठ

मी ग्रंथपाल नाही, वाचक आहे. पस्तीस वर्षे एकाच वाचनालयाचा सभासद आहे. आपल्या मंडळातील त्या दोन ज्येष्ठांची बाजू येथे कोणी मांडलेली दिसत नाही, म्हणून लिहितो.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून एके काळी ग्रंथालयांना दूरचित्रवाणी संच आणि व्हिडिओ प्लेअर घेण्यासाठी साहाय्य मिळत असे. आमच्याकडेही तसा संच होता. पहिले सहा महिने गर्दी झाली, नंतर तो संच बिघडला, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर दोन सभा झाल्या आणि अखेर त्याच्यावर आच्छादन चढले ते कायमचे. त्या काळात दिवाळी अंकांची संख्या कमी करावी लागली होती, हे मी विसरलेलो नाही. दुसरे असे की आज वाचनालयाचा सर्वांत जास्त उपयोग अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली करतात. भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी ती सकाळी सातपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. त्यांच्यातील अनेकांच्या घरी एका खोलीत पाच माणसे राहतात. त्यांच्या डोक्यावर वरच्या मजल्यावर ढोलकी वाजू लागली तर ती कोठे जातील?

गुरुजींच्या फिती फेकून द्याव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. त्या विद्यापीठाला किंवा एखाद्या संशोधन संस्थेला द्याव्यात, जेथे माणसे आणि यंत्रे दोन्ही असतील. आपल्या धुळ्यालाच इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पश्चात १९२७ साली उभे राहिलेले संशोधन मंडळ त्यांची कागदपत्रे आजवर सांभाळत आले आहे. ज्याचे काम त्याने करावे.

तापीकाठ

गिरणाकाठ यांची अभ्यासिकेविषयीची काळजी रास्त आहे आणि कार्यक्रमाची वेळ ठरवताना ती पहिली धरावी. परंतु साहित्य दुसरीकडे पाठवण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. चिठ्ठीवरील 'सात जणी' कोण, हे विद्यापीठातील माणूस कसे ओळखणार? ते ओळखणारी माणसे त्या वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर राहतात आणि त्यांची वये ऐंशीच्या घरात आहेत. मूळ फिती ओळख पटवून, प्रती काढून झाल्यावर वाटल्यास संस्थेकडे द्याव्यात. तोपर्यंत त्या गावातच असाव्यात.

आता नोंदणीविषयी. ग्रंथांच्या दाखल नोंदवहीत हे साहित्य मिसळू नका, तपासणीच्या वेळी पुस्तकांच्या संख्येचा मेळ बसत नाही. दृक्-श्राव्य साहित्याची वेगळी दाखल नोंदवही घाला, कार्यकारी मंडळाच्या ठरावाने ती सुरू करा आणि ठरावाचा क्रमांक पहिल्याच पानावर लिहा. आम्ही तबकड्यांना 'त', कॅसेटना 'क' आणि गुरुजींसारख्या व्यक्तीने स्वतः केलेल्या मुद्रणांना 'मु' असे अक्षर लावून पुढे अनुक्रमांक देतो. हाच क्रमांक संगणकातील फाइलचे नाव होतो, त्यामुळे वस्तू आणि फाइल यांची ताटातूट होत नाही. ग्रंथवर्गीकरणाच्या ड्युई पद्धतीने वर्गांक द्यायचा असेल तर संगीत ७८० मध्ये, लोकसंगीत ७८१.६२ मध्ये आणि चित्रपट ७९१.४३ मध्ये येतो. पण खरे सांगायचे तर वाचकाला वर्गांकापेक्षा गाण्याच्या पहिल्या ओळीची सूची उपयोगी पडते. ती अवश्य करा.

देणगीपत्राकडे विशेष लक्ष द्यावे. पेट्या दिल्या म्हणजे त्यातील मुद्रणाचे हक्क दिले असे होत नाही. हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियमाच्या कलम १९ नुसार त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच मानले जाते. गुरुजींच्या सर्व वारसांच्या सह्या घेऊन, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून एक पानाचे पत्र करून ठेवा. मुले आज गावात आहेत, पुढच्या वर्षी कोण कोठे असेल सांगता येत नाही.

खर्चाचे म्हणाल तर सरकारकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानाला हात न लावता हे काम करावे. आमच्याकडे गावातून बाहेर नोकरीला गेलेल्यांनी डेकच्या दुरुस्तीचा आणि दोन हार्ड डिस्कचा खर्च उचलला. त्याचा जमाखर्च स्वतंत्र ठेवला की पुस्तकांचे पैसे गाण्यांवर गेले असे कोणालाही म्हणता येत नाही.

अरुणावती

कायद्याचा भाग थोडा सविस्तर लिहिते, कारण आमच्या चित्रपट मंडळाने सुरुवातीला याच बाबतीत चूक केली होती. एका सभासदाच्या मोबाइलवरील वर्गणीच्या सेवेतून आम्ही पडद्यावर चित्रपट लावला आणि मध्यंतरापूर्वीच एका जाणत्या वकिलांनी आम्हाला थांबवले. ती वर्गणी घरगुती वापरासाठी असते, सभागृहासाठी नसते. विकत घेतलेल्या डीव्हीडीचेही तसेच आहे. त्या रात्री साठ माणसांना उठून घरी जावे लागले.

गाण्यांच्या बाबतीत कायदा उदार आहे. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ५२ मध्ये, नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाच्या किंवा तत्सम संस्थेच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्यास मोकळीक दिलेली आहे. म्हणून श्रवणाचा कार्यक्रम सभासदांसाठी आणि विनामूल्य ठेवा. शिवाय ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६४ पर्यंत निघालेल्या तबकड्यांवरचा मुद्रणाचा हक्क २०२४ संपताच संपला आहे, आणि आपल्या लाखेच्या तबकड्या बहुतेक याच काळातील असणार. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळील साहित्याची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याचीही मुभा मिळाली आहे. पांझराकाठ यांनी सुचवलेले काम आपण निश्चिंतपणे करू शकता.

चित्रपटाला ही सवलत नाही. तेथे एक तर हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, नाहीतर मुदत संपलेला चित्रपट हवा. ही मुदत मोजताना एक बारकावा लक्षात घ्या. 'श्यामची आई' या १९५३ च्या चित्रपटाचेच उदाहरण घेते, कारण अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींच्या पुस्तकावरून निघालेला आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा तो चित्रपट आपल्याकडे प्रत्येकाला दाखवावासा वाटतो. चित्रपट म्हणून त्याची ६० वर्षे २०१३ मध्ये झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून पुस्तकाची मुदत २०१० मध्ये संपली. पण लेखन आणि संगीत यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असते. पटकथा लिहिणारे आचार्य अत्रे १९६९ मध्ये आणि संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये गेले. तेव्हा केवळ चित्रपटाचे साल पाहून निर्धास्त होऊ नये, हक्क कोणाकडे आहेत याची चौकशी करून पत्र मिळवावे. घराणे आमच्या शिरपूरचे असलेल्या स्मिता पाटील यांचे चित्रपट तर सगळे अजून मुदतीतच आहेत. त्यासाठी आम्ही पत्रव्यवहार केला, वेळ लागला, पण परवानगी मिळते.

पहिल्या कार्यक्रमासाठी माझी सूचना मूकपटाची आहे. दादासाहेब फाळके १९४४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रपटांच्या मुदती केव्हाच संपल्या. त्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बऱ्याच अंशी उपलब्ध आहे आणि त्यात कृष्णाची भूमिका त्यांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने केली आहे. आम्ही तो दाखवला तेव्हा गावातल्याच पेटीवाल्या नानांना आणि लग्नाच्या बँडमधील एका क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दादांना पडद्याच्या बाजूला बसवले. खान्देशात बँडच्या कलावंतांची कमतरता नाही, आणि लग्नसराई संपली की त्यांना वेळही असतो. त्यांनी आदल्या दिवशी चित्रपट दोनदा पाहिला आणि कोठे काय वाजवायचे ते आपसांत ठरवले. कृष्ण डोहात उडी घेतो तेथे दोघेही थांबले, सभागृहात नुसती पंख्याची घरघर राहिली, आणि पुढच्या रांगेतील मुले उभी राहिली. कोणत्याही मोठ्या शहरातून काही मागवावे लागले नाही.

नियमित दाखवायचे असेल तर वाचनालयाच्या आत सभासदांचे चित्रपट मंडळ नोंदवा आणि भारतीय फिल्म सोसायटी महासंघाशी जोडून घ्या. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली तो स्थापन झाला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे काम आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे, तेथेही पत्र पाठवावे. प्रोजेक्टरपेक्षा आवाजावर खर्च करा. चित्र थोडे फिके असले तरी लोक पाहतात, संवाद कळले नाहीत तर उठून जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत कार्यक्रम ठेवू नका, बाया येऊ शकत नाहीत.

गोमाई

मी शहाद्याकडची. अहिराणी गाणी गोळा करण्याचे काम थोडेफार केले आहे, त्यामुळे वर कोणी न लिहिलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधते.

गुरुजींच्या फितींवर गाणाऱ्या बायांचाही हक्क आहे. कायद्यात कलावंताचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षे राहतो, त्या हिशेबाने १९८६ चे गाणे २०३६ पर्यंत त्या सात जणींचे किंवा त्यांच्या वारसांचे धरून चालावे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, कानबाईचे गाणे देवीसमोर, घरात, आपल्या माणसांत म्हटलेले असते. झोक्याची आणि गौराईची गाणी कोणीही आनंदाने ऐकवू देईल. कोणाच्या मृत्यूनंतर म्हटलेल्या ओव्या एखाद्या फितीत असतील तर त्या घरच्या माणसांना विचारल्याशिवाय सभागृहात लावू नयेत, इंटरनेटवर तर मुळीच टाकू नयेत. आम्ही प्रत्येक मुद्रणासमोर एक रकाना ठेवला आहे : कोणी परवानगी दिली, कोणत्या तारखेला, आणि कशासाठी. वाचनालयात बसून ऐकण्याची परवानगी वेगळी आणि सर्वांसाठी खुले करण्याची वेगळी.

भाषेच्या रकान्यात 'मराठी (बोली)' असे लिहून मोकळे होऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे. अहिराणी असे स्पष्ट लिहा. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत तिला 'एएचआर' हा स्वतंत्र संकेत आहे, तो लिहिला म्हणजे पुढे कोणी शोधू लागला तर त्याला आपले वाचनालय सापडेल. गाणे लेवा बोलीत असेल, पावरीत असेल, भिलोरीत असेल, तर तसे लिहा. बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली छापून आल्या. तोपर्यंत त्या मुलाच्या, सोपानदेवांच्या, आणि घरच्यांच्या वह्यांत होत्या म्हणून वाचल्या. गुरुजींच्या कॅसेटमधील बायांसाठी ती वही म्हणजे तुमची नोंदवही आहे.

बोरीकाठ

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. अडीच महिन्यांनंतर उत्तर देत आहे, कारण काही करून झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

मंडळाच्या सभेत ठराव झाला. गिरणाकाठ यांचे म्हणणे मी सभेत जसेच्या तसे वाचून दाखवले आणि त्यामुळेच दोन अटी मान्य झाल्या : कार्यक्रम रविवारी सायंकाळी, अभ्यासिका बंद असेल तेव्हाच, आणि पुस्तकांच्या रकमेतून एक रुपयाही नाही. त्या दोन ज्येष्ठांपैकी एकांनी स्वतःचे सागवानी कपाट दिले. तबकड्या त्यात उभ्या लावल्या आहेत. वारसांचे पत्र झाले, मुदत आणि प्रदेश लिहून. धुळ्याहून एक जुना डेक दुरुस्त करून आणला आणि आतापर्यंत १९ कॅसेट उतरवून झाल्या. ज्या कॅसेटची फीत गुंतली होती तिचा नमद्याचा तुकडा खरोखरच तळाशी पडलेला होता.

पहिल्या श्रवणाला आम्ही जाहिरात केली नाही. चिठ्ठ्यांवर ज्या गावांची नावे आहेत तेथील म्हाताऱ्या बायांना निरोप पाठवले, आणि परवानगीचा विषय आधी घरोघरी जाऊन बोललो. एकवीस जणी आल्या. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत गुरुजींच्या दोन चिठ्ठ्या दुरुस्त केल्या : एका फितीवरील गाव चुकले होते आणि 'सात जणी' प्रत्यक्षात नऊ होत्या, कारण दोघी मागे बसून फक्त ओढत होत्या. नऊपैकी आठ नावे मिळाली. नवव्या बाईवरून बराच वाद झाला, तो रकाना अजून रिकामा आहे.

मग १९८६ ची ती कॅसेट लावली. साठ मिनिटांची कॅसेट, त्यामुळे तिसाव्या मिनिटाला पहिली बाजू संपते, आणि गाणे नेमके मधल्या कडव्यात तुटते. गुरुजी कॅसेट उलटवीपर्यंत पुढची कडवी होऊन गेलेली, कारण दुसऱ्या बाजूवर एकदम वेगळेच गाणे सुरू होते. आम्हाला वाटले, हे आता कायमचे गेले. डेक थांबल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग खिडकीजवळ बसलेल्या एक आजी मला म्हणाल्या, "आते पुढलं आम्ही म्हनतस, तू भरी ले." त्यांनी तुटलेल्या शब्दापासूनच गाणे उचलले. दुसऱ्या कडव्याला सगळ्या त्यांच्यात मिसळल्या. आमच्या एका सभासदाने हातातील रेकॉर्डर तेवढ्यात चालू केला होता, म्हणून ती पाच कडवी मिळाली.

ही पाच कडवी मी 'मु-४८' म्हणून नोंदवली आहेत आणि शेऱ्याच्या रकान्यात 'मु-१२ ची पहिली बाजू जेथे तुटते तेथून पुढे' असे लिहिले आहे. तापीकाठ आणि गोमाईताई, आपल्याला एक विचारायचे आहे. गुरुजींचा संच ४७ वर संपतो. हे मुद्रण त्याच संचात ठेवावे, की वाचनालयाचा स्वतंत्र संच उघडून त्यात पहिला क्रमांक याला द्यावा? पुढच्या रविवारी तुटलेल्या आणखी दोन बाजू लावायच्या आहेत, त्यापूर्वी हे ठरले तर बरे होईल.